जेवताना ठसका लागणं 'वयामुळे'च का? म्हातारपणातली जीभ आणि गिळणं

सुमेधा_ठाणे (धागाकर्ती)

आई ७९ वर्षांची आहे. रक्तदाबाची गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत, स्वयंपाकघरात अजून तिचंच राज्य. पण गेल्या दिवाळीत चिवडा खाताना ठसके लागायला सुरुवात झाली. आम्ही म्हटलं, चिवडाच तो, लागायचाच. आता चहा-पाण्यानेही लागतो. जेवायला पाऊण तास लागतो आणि शेवटचा घास गालात तसाच राहतो, मग पाण्याच्या घोटाबरोबर तो ढकलते.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, "वयामुळे होतं, मऊ द्या." दादा म्हणतो, सगळं मिक्सरमधून काढत जा. आईने ते ऐकलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. "मी काय उष्टावणाचं बाळ आहे का?"

प्रश्न असा: वय झालं की जीभ खरंच थकते का? यात वय किती आणि आजार किती, हे घरच्यांनी कसं ओळखायचं? कोणाकडे असं झालं असेल तर काय केलंत ते सांगा.

खवय्या_नाशिककर

जीभ थकते? आमच्या सोसायटीच्या मीटिंगला या एकदा. सरासरी वय ७४, पण एकाचीही थकलेली नाही. (हलकेच घ्या.)

विनोद बाजूला. मिक्सरला माझा कडक विरोध. पोळी-भाजी-वरण एकत्र फिरवलं की जो हिरवट-पिवळा लगदा होतो, तो तुम्ही आधी स्वतः खाऊन बघा.

स्वरयंत्र

सुमेधाताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. आमच्याकडे लोक बोलण्यासाठी येतात असा समज आहे, पण गिळण्याचे त्रासही आमच्याच कामात येतात. जरा लांबण लावते.

जीभ म्हणजे आठ स्नायूंचा गठ्ठा. चार जिभेच्या आतच असतात, ते तिचा आकार बदलतात. बाकीचे चार बाहेर हाडाला किंवा टाळूला धरून असतात, ते तिला हलवतात. घास चावून झाला की जीभ तो गोळा करते, टाळूला दाबते आणि मागे ढकलते. मग मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर-पुढे सरकतं, त्यावर झाकण येतं, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातला हा सगळा खेळ साधारण सेकंदाभरात आटपतो.

वयाबरोबर जिभेचे स्नायू बारीक होतात, त्यांच्यात चरबी शिरते, जोर कमी होतो. पण यात एक गोम आहे. जीभ टाळूवर *जास्तीत जास्त* किती जोराने दाबता येते, ते वयाने घटतं. रोजचा घास गिळायला लागणारा दाब मात्र फारसा घटत नाही. म्हणजे घरखर्च तेवढाच आहे, पण एफडी मोडलेली आहे. रोजचं निभतं. ताप आला, दवाखान्यात आठवडाभर पडून राहावं लागलं, झोपेची नवीन गोळी सुरू झाली, की मग उघडं पडतं.

दुसरा बदल म्हणजे गिळण्याची क्रिया किंचित उशिरा सुरू होते. भाकरीचा घास सावकाश जातो, त्याला हा उशीर चालतो. पाणी धावतं. म्हणून 'मऊ द्या' एवढ्याने भागत नाही. बऱ्याच जणांना सर्वात जास्त त्रास साध्या पाण्याचा होतो, आणि ते तर सर्वात 'मऊ'!

तरीही, निरोगी म्हाताऱ्या माणसाला रोज ठसका लागत नाही. हळू गिळणं वयाचं म्हणता येईल. रोजचा ठसका वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. मला सांगा: पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का? वजन उतरलं का? मध्येच ताप येऊन जातो का? तोंड कोरडं पडतं का? कवळी आहे का? कोणती गोळी नवीन आहे का?

मुक्काम_पोस्ट_वाई

स्वरयंत्र, एफडीचं उदाहरण लई भारी. वाचनखूण साठवली.

अडगुलं_मडगुलं

लहानपणी ठसका लागला की आजी डोक्यावर थापट्या मारत म्हणायची, "वर बघ, वर बघ, चिमणी बघ!" आता मी माझ्या बाबांना तेच करते. बरोबर आहे ना?

स्वरयंत्र

अडगुलं, चिमणीला उडू द्या. तोंडात घास किंवा पाणी असताना मान वर केली की ते आपोआप मागे घरंगळतं, आणि ज्याचं गिळणं उशिरा सुरू होतं त्याच्या श्वासनलिकेत शिरायची भीती वाढते. ठसका लागला तर पुढे वाकून खोकू द्या. खोकला हा शरीराचा पहारेकरी आहे, तो दाबायचा नाही. मध्येच पाणीही पाजायचं नाही.

मुक्काम_पोस्ट_वाई

म्हणजे वरून पाणी पिणं पण गेलं का? आमच्याकडं तांब्याला तोंड लावलं तर आज्जी अजून पण ओरडते. आण्णा ८१ वर्षांचे, मान मागं टाकून अख्खा तांब्या घशात ओततात. गोळीपण तशीच, आधी घशात फेकायची आन् मग मान झटकायची.

स्वरयंत्र

आण्णांना आजपर्यंत ठसका लागला नसेल तर त्यांना दंडवत. पण ज्यांना लागतो त्यांच्यासाठी वरून पाणी बंद. वेगळं भांडं ठेवा, तोंड लावून छोटे घोट, मान सरळ. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती काहींना फार उपयोगी पडते, सगळ्यांना नाही. कोणाला ते तपासूनच सांगता येतं.

टोरांटोची_काकू

इथला अनुभव लिहिते. सासूबाई शेवटची काही वर्षं नर्सिंग होममध्ये होत्या. तिथे खाण्यापिण्याच्या दाटपणाच्या पातळ्या ठरलेल्या असतात, शून्य ते सात. शून्य म्हणजे साधं पाणी, सात म्हणजे नेहमीचं जेवण. त्यांना दोन नंबरचं पेय लिहून दिलं होतं, म्हणजे पाण्यात, ज्यूसमध्ये, चहात पावडर घालून दाट करायचं.

दाट चहा! पुण्यात जन्म गेलेल्या बाईला! त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हा चहा नाही, ही खळ आहे." त्यानंतर दिवसभर काही प्यायल्याच नाहीत. लघवीचा संसर्ग झाला तो वेगळाच. ठसका थांबला हे खरं, पण माणूस सुकत चालला. शेवटी तिथल्याच थेरपिस्टने मार्ग काढला: जेवताना दाट पेय, आणि दोन जेवणांच्या मध्ये, तोंड स्वच्छ घासून झाल्यावर, साधं पाणी थोडं थोडं.

पेन्शनर_४२०

एवढं काही नको. रोज सकाळी सिंहमुद्रा करा, जीभ पूर्ण बाहेर काढा. आणि खेचरी मुद्रा. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी हे लिहून ठेवलंय. परदेशी पावडरी विकायच्या म्हणून हे नवीन आजार काढलेत.

निमशहरी

काका, खेचरी मुद्रा ७९ व्या वर्षी सुरू करायची? जीभ टाळूमागे वर न्यायची असते ना ती?

पेन्शनर_४२०

मी स्वतः करतो. वय ७१. ठसका शून्य.

निमशहरी

मी काहीच करत नाही. वय ४४. ठसका शून्य.

स्वरयंत्र

भांडू नका. सिंहमुद्रेला माझी हरकत नाही, जीभ मोकळी होते, घशाचा ताण जातो. पण मोकळी होणं वेगळं, बळकट होणं वेगळं. स्नायूला जोर यायचा तर त्याला विरोध हवा. जीभ टाळूवर दाबून धरायची, चमच्याच्या मागच्या बाजूने जीभ खाली दाबायची आणि जिभेने त्याला वर रेटायचं, असे ते व्यायाम असतात.

आणि हे फुकाचं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जोॲन रॉबिन्स यांच्या गटाने ७० ते ८९ वयाच्या दहा निरोगी माणसांकडून आठ आठवडे जिभेचा असा व्यायाम करून घेतला. २००५ मध्ये ते छापून आलं. जिभेचा जोर वाढला, गिळतानाचा दाबही वाढला, आणि ज्यांचा एमआरआय काढला होता त्यांच्या जिभेचं आकारमानसुद्धा थोडं वाढलेलं दिसलं. दहाच माणसं होती, तीही निरोगी, हे लक्षात ठेवायला हवं. पण म्हाताऱ्या जिभेला कसरत लागू पडते एवढं नक्की.

एक धोक्याची सूचना: यूट्यूबवर जीभ दातांत धरून गिळण्याचा एक व्यायाम फिरतो. तो फक्त स्वतःच्या लाळेवर करायचा, घास किंवा पाणी तोंडात असताना कधीही नाही. आणि कोणी तपासून सांगितल्याशिवाय करूच नका.

ओसाकाकर

जपानमध्ये याचं मोठं प्रस्थ आहे. नव्वदीच्या घरातली माणसं गल्लोगल्ली, त्यामुळे नाइलाजच. तिथे दातांचे डॉक्टर जिभेचा दाब मोजतात. टाळू आणि जिभेच्या मध्ये छोटा फुगा ठेवायचा आणि दाबायला सांगायचं, ३० किलोपास्कलच्या (हे दाबाचं माप) खाली आला तर जोर कमी अशी नोंद. शिवाय 'प', 'ट', 'क' ही अक्षरं भराभर म्हणायला लावतात. सेकंदाला सहापेक्षा कमी झाली की तीही नोंद. 'प'ला ओठ, 'ट'ला जिभेचं टोक, 'क'ला जिभेचं मूळ.

आणखी एक चाचणी घरीही करता येते: कोरड्या घशाने, फक्त लाळ, ३० सेकंदांत किती वेळा गिळता येते ते मोजायचं. तीनपेक्षा कमी असेल तर पुढची तपासणी.

जाता जाता, नवीन वर्षाला तिथे मोची नावाचा तांदळाचा चिकट गोळा खातात आणि दरवर्षी तो घशात अडकून म्हातारी माणसं दगावतात. अग्निशमन दल दरवर्षी इशारे देतं, लोक दरवर्षी खातात.

खवय्या_नाशिककर

'प-ट-क' कशाला? आपल्याकडे 'कच्चा पापड पक्का पापड' आहे की. आता बायकोसमोर करून बघितलं. ती विचारतेय, डॉक्टरला फोन लावू का?

(लाळ गिळून बघितली. चौथ्यांदा खरंच जड जातं!)

झाडीपट्टी

इकडे आमच्या नागपूर-चंद्रपूर भागात वयाचं नाव सांगून खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) लपवतात. माह्या काकाचं तसंच झालं बाप्पा. साठीत तिखट लागेना, घास फिरेना, तोंडात दोन बोटं जाईनात. घरचे म्हणे, वय झालं. दाताच्या डॉक्टरनं पाहताच सांगितलं, सुपारीनं गालाच्या आतली कातडी आवळली आहे, जीभसुद्धा आखडली आहे, आणि ह्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा तर पानठेल्यावर डोळ्यासमोर घोटून देतात. जिभेवर बरी न होणारी जखम, पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणं, हे वय नोहे. तिकडे मिश्री लावणाऱ्या आज्या आहेत, त्यांचंही तोंड एकदा पाहून घ्या.

अडगुलं_मडगुलं

बाबांच्या जिभेखाली निळ्या-जांभळ्या फुगीर शिरा दिसतात. आता हे वाचून घाबरले.

डॉ_कानाकोपरा

(मी कान-नाक-घसा वाला.) जिभेखालच्या फुगलेल्या शिरा उतारवयात खूप जणांना असतात, सहसा निरुपद्रवी. जीभ गुळगुळीत, लाल आणि चुरचुरणारी असेल तर मात्र बी-१२ आणि लोह तपासा.

झाडीपट्टींशी शंभर टक्के सहमत. आणखी भर घालतो: घास *छातीत* अडकल्यासारखा वाटत असेल तर दोष जिभेचा नसून बहुधा अन्ननलिकेचा, त्यासाठी पोटाच्या डॉक्टरकडे जा. ठसका *अचानक*, एका दिवसात सुरू झाला, सोबत बोलणं जड किंवा तोंड वाकडं, तर तो अर्धांगाचा झटका असू शकतो. तेव्हा धागा उघडू नका, गाडी काढा. हळूहळू गिळणं बिघडतंय आणि लाळ गळतेय, हालचाली मंदावल्यात, तर पार्किन्सन्सचा विचार करावा लागतो.

आणि ठसका लागत *नाही* म्हणून निर्धास्त राहू नका. काहींची घशातली जाणीवच कमी होते. पाणी श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. वारंवार न्यूमोनिया हाच मग पहिला पुरावा. अशा वेळी नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम पाजून एक्स-रेच्या पडद्यावर गिळणं प्रत्यक्ष बघतात.

सुमेधा_ठाणे

सगळ्यांचे आभार, धागा इतका वाहेल असं वाटलं नव्हतं. स्वरयंत्र, तुमच्या प्रश्नांची उत्तरं: ताप नाही. वजन दोन-तीन किलो उतरलंय. खालची कवळी सैल आहे, जेवताना जिभेनेच धरून ठेवते (हे मला काल विचारल्यावर कळलं!). तोंड कोरडं पडतं. गोळ्यांचा डबा तपासला तर अंगाला खाज सुटते म्हणून रोज रात्री ॲलर्जीची एक गोळी घेते, ओळखीच्या केमिस्टकडून आणलेली. कधीपासून म्हणाल, तर गणपतीच्या सुमारास.

स्वरयंत्र

बघा! जिभेचं काम घास फिरवायचं, इथे ती कवळी सांभाळतेय. आणि ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या लाळ सुकवतात, वर गुंगीही आणतात. एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आटली की कोरडा घास जीभ कितीही जोरात ढकलो, सरकत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि थेरपिस्ट, दोघांनाही दाखवा. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, तेवढं बघा. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या त्रासांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, तिथेही विचारता येईल.

पेडण्याचो_पाव

आमच्याकडे गोव्यात म्हाताऱ्यांना पेज. उकड्या तांदळाची, वर लोणच्याचा खार. मिक्सरची गरजच नाही.

स्वरयंत्र

पेज उत्तम, पण एक मेख आहे. वर पातळ पाणी आणि खाली शितं, असं दोन जातींचं एकत्र आलं की जिभेला दोन कामं एकदम करावी लागतात. शितं चघळेपर्यंत पाणी पुढे पळतं. पातळ आमटी-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, शेवयांची खीर, सगळ्यांची तीच तऱ्हा. म्हणून पेज घोटून एकजीव करा. मऊ भात-मेतकूट-तूप, कुळथाचं पिठलं, नाचणीचं सत्त्व, घट्ट दही, मऊ शिरा हे सगळं एकजीव आणि चवीचं. कोरडे पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, भुसभुशीत लाडू जपून. 'एकजीव' म्हणजे 'मिक्सरचा लगदा' नव्हे. भाजी वेगळी, भात वेगळा, ताटात रंग दिसायला हवेत.

टोरांटोची_काकू

+१. आणि भरवणाऱ्याने खुर्चीवर बसून भरवा हो! उभं राहून भरवलं की त्यांना मान वर करावी लागते. नर्सिंग होममध्ये हे रोज दिसायचं. मोठा चमचा, वरून घाई, "संपवा आजी लवकर". चहाचा चमचा घ्या, पुढचा घास आधीचा गिळल्यावरच द्या, जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

निमशहरी

आणि आठच्या मालिकेसमोर जेवायला बसवू नका. आमच्याकडे खलनायिकेने कट रचला की आजीला ठसका ठरलेला.

मुक्काम_पोस्ट_वाई

आण्णांची गोळी कुटून दिली तर चालते का?

डॉ_कानाकोपरा

प्रत्येक गोळी कुटायची नसते. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आतड्यात विरघळण्यासाठी वेष्टन दिलेल्या गोळ्या कुटल्या तर घोटाळा होतो. आधी विचारा. चालत असेल तर घट्ट दह्याच्या चमच्यात अख्खी गोळी ठेवून द्या, पाण्यापेक्षा सोपी जाते.

रात्री तोंड स्वच्छ करणं, कवळी काढून धुणं हेही औषधच समजा. लाळ चुकून फुफ्फुसात गेलीच तर निदान जंतूंची भरलेली जाऊ नये.

पेन्शनर_४२०

जिभली रोज वापरावी. हे तरी मान्य आहे ना?

डॉ_कानाकोपरा

एकदम मान्य, काका. हलक्या हाताने.

सुमेधा_ठाणे

अपडेट. दुर्बिणीने तपासलं. जिभेचा जोर कमी, पाणी जरा लवकर घशात उतरतं, घशात थोडं अन्न रेंगाळतं. पण श्वासनलिकेत काही जात नाही. मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवलं, तिथे काही निघालं नाही. म्हणजे वय आहेच, पण नुसतं वय नाही. कवळी घट्ट करून घेतली. ॲलर्जीची गोळी बदलली, मुळात खाज कोरड्या कातडीची होती, आता खोबरेल लावतो. जिभेचे व्यायाम सुरू आहेत. चहाचा ठसका बराच कमी झालाय, घाईत प्यायली तर लागतो. पाऊण तासाचं जेवण अजून पाऊण तासाचंच आहे. थेरपिस्ट म्हणाल्या, लागू दे वेळ, तुम्ही घड्याळ बघू नका. दादाने मिक्सरचा विषय काढणं सोडलंय.

एकच पेच उरलाय. होळीला पुरणपोळी. आई म्हणते, दुधात बुडवूनच खाणार.

स्वरयंत्र

पातळ दुधात नको. कडा काढा, मधला मऊ भाग तुपात चांगला भिजवा, हवं तर आटीव घट्ट दूध किंवा बासुंदी कालवून एकजीव करा. छोटे घास, सरळ बसून, आणि तेव्हा गप्पा बंद. कटाची आमटी चमच्याने, सर्वात शेवटी.

खवय्या_नाशिककर

काढलेल्या कडा वाया घालवू नका. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.